नारिंगी गार्नेट: गोमेद विकण्याआधी दुकानदाराला काय माहीत हवं



मागच्या व्हिडिओत मी काउंटरवर तीन नारिंगी खडे ठेवले होते आणि विचारलं होतं, यातला गोमेद कोणता? तुमच्यापैकी बहुतेकांनी सगळ्यात स्वच्छ, सगळ्यात चमकदार खड्यावर बोट ठेवलं. ती काच होती. वाईट वाटून घेऊ नका. मीही एकदा तिच्यावरच बोट ठेवलं होतं, आणि नुसतं बोट नाही, पैसे ठेवले होते.

दुकान सुरू करून दुसरंच वर्ष होतं. अमडापूरसारख्या गावात चांदी, वन ग्रॅमचे दागिने आणि थोडी राशीरत्नं, एवढाच माझा माल. एका मोठ्या शहरातल्या व्यापाऱ्याकडून चाळीस ‘गोमेद’चा लॉट घेतला. भाव इतका कमी की बीबीएला शिकलेलं सगळं कॉस्टिंग मी परतीच्या बसमध्येच करून टाकलं आणि खूश झालो. तीन महिन्यांत अकरा खडे गेले. बाराव्या गिऱ्हाइकाला खडा अंगठीत बसवून हवा होता. चांदीचं काम म्हटलं की आपल्याकडे खामगाव. तिथल्या कारागिराने खडा हातात घेतला, भिंग डोळ्याला लावलं, दोनदा फिरवला आणि एवढंच म्हणाला, "भाऊ, गोमेदात बुडबुडे नसतात."

त्या दिवशी खामगावहून अमडापूरला येताना मला कॉस्टिंग आठवलं नाही. अकरा चेहरे आठवले. घरी येऊन बिलबुक उघडलं तर अकरापैकी सातच नावं सापडली, कारण उरलेल्या चौघांना मी बिलच दिलं नव्हतं. त्या सातांचं पुढे काय झालं ते सांगतो, पण आधी दगड समजून घेऊ. तो समजला असता तर ही वेळच आली नसती.

गार्नेट म्हणजे एक दगड नाही, घराणं आहे

गार्नेट हे नाव लॅटिनमधल्या डाळिंबाच्या शब्दावरून आलं. लाल गार्नेटचे दाणे खरंच डाळिंबाच्या दाण्यांसारखे दिसतात, आपल्या बाजारात त्याला तामडा म्हणतात. त्यामुळे गार्नेट म्हटलं की लालच, असं लोकांना वाटतं. पण या घराण्यात हिरवा आहे, गुलाबी आहे आणि आपला आजचा नारिंगीही आहे. सगळ्यांची आतली बांधणी सारखी, घटक वेगवेगळे. भाऊ-भाऊ एका घरात, पण एकाचा किराणा, दुसऱ्याचं कृषी केंद्र, तसं समजा.

नारिंगीत दोन जण महत्त्वाचे. पहिला हेसोनाइट. यात कॅल्शियम आणि अॅल्युमिनियम, आणि थोड्या लोह-मँगनीजमुळे मधासारखा किंवा दालचिनीसारखा रंग. आपण ज्याला गोमेद म्हणून विकतो तो हाच. दुसरा स्पेसार्टाइन. यात कॅल्शियमच्या जागी मँगनीज. याचा नारिंगी जास्त भडक, संत्र्याच्या सालीसारखा. जर्मनीतल्या स्पेसार्ट भागावरून त्याला नाव मिळालं. १९९० नंतर नामिबियात आणि पुढे नायजेरियात याचे सुंदर खडे निघाले, आणि ‘मँडरिन गार्नेट’ या नावाने ते जगभरच्या बाजारात गेले.

आता गंमत बघा. नागपूरची संत्री सगळ्यांना माहीत, पण नागपूर-भंडाऱ्याच्या जमिनीखालीही नारिंगी माल आहे, हे किती जणांना माहीत असतं? मनसर, कांद्री, गुमगाव, चिखला, डोंगरी बुजुर्ग या मँगनीजच्या खाणी. त्या पट्ट्यात एक खडक सापडतो, त्याचं नाव गोंडाइट. तो मुख्यतः स्पेसार्टाइन गार्नेट आणि क्वार्ट्झ यांचाच बनलेला असतो. जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचा लुईस ली फर्मोर हा भूवैज्ञानिक, त्याने भारतातल्या मँगनीजवर मोठा ग्रंथ लिहिला, तो १९०९ साली निघाला. या खडकाला त्याने आपल्या गोंड लोकांवरून नाव दिलं. म्हणजे जगातल्या कुठल्याही देशात हा खडक सापडला तरी भूगर्भशास्त्राची पोरं त्याला विदर्भाच्या-मध्य प्रदेशच्या गोंडांच्या नावाने ओळखतात.

पण लगेच गाडी काढून मनसरला जाऊ नका. तिथलं गार्नेट बारीक दाण्यांचं, अपारदर्शक. अंगठीत बसेल असा खडा त्यातून निघत नाही, त्याचं मोल मँगनीजसाठी. आणि आपल्या बुलढाणा जिल्ह्यात तर सगळा काळा पाषाण. लाव्हाचा खडक, त्यात गार्नेट नसतं. दर उन्हाळ्यात नांगरटीनंतर कुणीतरी रुमालात बांधून चमकणारा दगड घेऊन दुकानात येतोच. ती गारगोटी असते. मी चहा पाजतो आणि खरं सांगतो. दुकानात विकला जाणारा गोमेद मुख्यतः श्रीलंका, ओडिशा आणि आफ्रिकेतून येतो.

खडा हातात आला की काय बघायचं

आधी भिंग. दहा पटींचं भिंग काही फार महाग नाही, राशीरत्नं विकणाऱ्याकडे ते नसणं म्हणजे किराणावाल्याकडे तराजू नसणं. खऱ्या हेसोनाइटच्या आत बघितलं की आतलं सगळं हलतंय, विरघळतंय असं दिसतं. मे महिन्यात भर दुपारी खामगाव रस्त्यावर उभे राहा, डांबरावरून जी झळ हलते ना, तसं. किंवा पाण्याच्या ग्लासात गुळाचा पाक सोडल्यावर जे तंतू दिसतात, तसं. ही खूण बाकी दगडांत अशी सहसा दिसत नाही. आणि इथेच नवा दुकानदार फसतो. त्याला वाटतं, आत गढूळ आहे म्हणजे माल खराब, आणि स्वच्छ आहे म्हणजे भारी. माझा तो चाळीसचा लॉट अगदी स्वच्छ होता, म्हणूनच मी तो घेतला होता! काचेतही कधी वळ्या दिसतात, पण सोबत गोल बुडबुडा दिसला की विषय संपला.

खड्याच्या आत, मागच्या बाजूच्या पैलूंच्या कडा दोन-दोन दिसल्या तर थांबा. तो झिर्कॉन असू शकतो. जुन्या काही पुस्तकांत गोमेद हे नाव झिर्कॉनलाही दिलेलं आढळतं, त्यामुळे हा घोळ आजचा नाही. गार्नेटमध्ये कडा कधीच दुहेरी दिसत नाहीत.

दुसरी परीक्षा तराजूची, आणि ही माझी सगळ्यात लाडकी. दोन दशांश दाखवणारा ग्रॅमचा डिजिटल काटा तुमच्याकडे असेलच. खडा आधी कोरडा तोला. मग काट्यावर पाण्याची वाटी नाही, तर स्टँडला दोऱ्याने खडा लटकवून पाण्यात बुडालेला असताना त्याचं वजन घ्या (जोडणी व्हिडिओत दाखवली आहे, शब्दांत सांगणं अवघड आहे). कोरड्या वजनाला, पाण्यात जेवढं वजन कमी झालं त्याने भागा. समजा खडा १.४६ ग्रॅम, पाण्यात १.०६. घट ०.४०. भागाकार ३.६५. हा हेसोनाइटचा आकडा. तेवढ्याच वजनाचा स्पेसार्टाइन असता तर घट ०.३५ च्या आसपास आली असती, भागाकार ४.१५ च्या जवळ. साधी काच २.५ च्या आसपास येते, घट चक्क ०.५८. शिसं घातलेली जड काच मात्र आकडा वर नेऊ शकते, म्हणून ही परीक्षा एकटी वापरायची नाही, भिंगासोबत वापरायची. खडा एक ग्रॅमपेक्षा लहान असेल तर आपल्या काट्याची चूकच मोठी होते, तिथे हा हिशेब धरू नका.

तिसरी युक्ती पोरांना फार आवडते. थर्माकोलच्या तुकड्यावर खडा ठेवून तो पाण्यावर तरंगत ठेवा आणि जवळ ताकदवान निओडायमियम चुंबक न्या. स्पेसार्टाइन मँगनीजमुळे चुंबकामागे सरळ ओढला जातो, होडी ओढावी तसा. हेसोनाइट हळू, कमी ओढला जातो. साधी काच सहसा ढिम्म हलत नाही.

एवढं करूनही महागाचा खडा असेल तर लॅब. मुंबईत, जयपूरला नामांकित लॅब आहेत. सर्टिफिकेटवर ‘नॅचरल हेसोनाइट गार्नेट’ असं दगडाचं नाव, वजन, माप येतं. कार्डावरचं वजन आणि हातातल्या खड्याचं वजन जुळतं का ते गिऱ्हाइकासमोर बघा. कार्ड एकाचं, खडा दुसरा, हे प्रकार चालतात. आणि ध्यानात ठेवा, हॉलमार्क हा सोन्या-चांदीच्या शुद्धतेचा असतो. अंगठीवर हॉलमार्क आहे म्हणून त्यातला खडा खरा, असं होत नाही. गिऱ्हाइकाचा हा गैरसमज असतोच, तुमचा नको.

कारागिरासाठी एक सूचना. गार्नेटचा कठीणपणा सातच्या आसपास, म्हणजे रोजच्या वापराला ठीक. पण एकदम ताव लागला तर तडकतो. अंगठी लहान-मोठी करताना खडा काढूनच झाळ द्यायला सांगा.

भाव कशाचा असतो

पहिला रंग. मधासारखा किंवा नारिंगी, उजेडात पेटलेला दिसणारा रंग महाग. तपकिरीकडे झुकलेला, विझलेला स्वस्त. बाजारात ‘सिलोनी’ म्हटलं की भाव वर जातो, कारण श्रीलंकेच्या मालाला तो मधाचा रंग मिळतो असा लौकिक आहे. पण सिलोनी हे गाव झालं, रंग नाही. आफ्रिकेतला चांगला खडा सिलोनच्या वाईट खड्यापेक्षा केव्हाही सरस. नुसत्या तोंडी गावावर पैसे देऊ नका. मग घडण. खडा वर्तमानपत्रावर ठेवा, मधून अक्षरं सरळ वाचता आली तर उजेड खालून निसटतोय, घडणीत कमी आहे.

वजनावर मात्र जरा थांबू, कारण इथे नकळत गिऱ्हाईक लुटलं जातं. ज्योतिषाची चिठ्ठी येते: सव्वासहा रत्ती. कोणती रत्ती? जुन्या सराफी हिशेबात आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, म्हणजे ९६ गुंजा. तोळा ११.६६ ग्रॅम धरला तर एक गुंज साधारण ०.१२ ग्रॅम. या हिशेबाने सव्वासहा रत्ती म्हणजे ३.८० कॅरेट. पण राशीरत्नांच्या बाजारात आज जी रत्ती चालते ती साधारण ०.९१ कॅरेटची. तिने सव्वासहा रत्ती म्हणजे ५.६९ कॅरेट. एकच चिठ्ठी, जवळजवळ दीडपट फरक! शिवाय ४०० रुपये भाव कॅरेटचा की रत्तीचा? कॅरेटने २,२७५ रुपये, रत्तीने २,५००. मी बिलावर ग्रॅम लिहितो, शेजारी कॅरेट लिहितो. रत्ती तोंडी सांगतो.

मँडरिन गार्नेटचा चांगला खडा गोमेदापेक्षा कितीतरी महाग जातो. तरी तो अमडापुरात ठेवू नका. तो घेणारा वेगळा, तो दागिना घेतो. गोमेद घेणारा राहू घेऊन येतो. दोघांना एकच माल दाखवला तर दोघंही रिकाम्या हाताने जातात.

नावाचा महिमाही बघा. हेसोनाइट हे नाव ज्या ग्रीक शब्दावरून आलं त्याचा अर्थ ‘कमी प्रतीचा’, कारण इतर काही दगडांपेक्षा तो हलका आणि मऊ. तोच दगड गोमेद म्हटला की नवरत्नात बसतो. पूर्व आफ्रिकेत १९६० च्या दशकात एक गुलाबी-नारिंगी गार्नेट निघालं, व्यापाऱ्यांना हवं होतं दुसरंच, म्हणून हे बाजूला टाकलं. त्याला ‘मलाया’ म्हणू लागले. स्वाहिलीत तो शब्द घराबाहेर काढलेल्या बाईसाठी वापरतात. पुढे त्याच टाकलेल्या दगडाला, त्याच नावाने, मोठा भाव आला.

आणि राहूचं काय?

सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत रत्नांची यादी आहे, त्यात गोमेदक आहे. पण सविस्तर वर्णन चारच रत्नांचं: हिरा, मोती, माणिक, पाचू. नवरत्नांची नऊ ग्रहांशी जी जोडी आपण आज पाठ म्हणतो, तिच्यात गोमेद राहूकडे आणि लसण्या केतूकडे. राहू म्हणजे छायाग्रह, ग्रहणाचा. दिसत नाही पण सूर्याला झाकतो. ज्या माणसाला कारण दिसत नाही पण सगळं अडलंय असं वाटतं, त्याला हा राहू पटकन पटतो. बोअरला पाणी नाही, पोराचं लग्न जमत नाही, कोर्टातली तारीख सरकत नाही. गोमेद घ्यायला येणारा माणूस आनंदात क्वचितच येतो, हे मी इतक्या वर्षांत बघितलंय.

परदेशातही हेच, फक्त तिथे महिन्यांवर. जानेवारीत जन्मलेल्यांचं गार्नेट. ही आज चालणारी महिन्यांची यादी १९१२ साली अमेरिकेतल्या जवाहिऱ्यांच्या संघटनेने बसून पक्की केली. श्रद्धा जुनी होती, यादी दुकानदारांनी केली. आपल्या धंद्याची ताकद आणि जबाबदारी दोन्ही यात आली.

मी राहू मानतो की नाही, हे काउंटरवर कधी सांगत नाही. आपल्याच जिल्ह्यात भेंडवळची घटमांडणी ऐकायला अक्षय्य तृतीयेला लोक लांबून येतात, ऐकतात, आणि घरी जाऊन पेरणी मात्र पाऊस बघूनच करतात. लोकांना श्रद्धा कुठे ठेवायची आणि बियाणं कुठे, हे आपल्यापेक्षा जास्त कळतं. माझं काम दगडाचं. परंपरेने हा राहूचा मानतात, एवढं मी सांगतो. गुण येईलच, हे सांगत नाही. सोयाबीन विकून तीच पिशवी घेऊन कुणी थेट दुकानात आला, तर आधी विचारतो, कृषी केंद्राची उधारी फिटली का? नसेल तर आधी तिकडे जा म्हणतो, खडा मी बाजूला काढून ठेवतो. असे काही जण परत येत नाहीत. चालतं.

बोर्डावर काय लिहिता ते जपून लिहा. ‘गोमेद घाला, आजार पळवा’ छाप जाहिरात करणाऱ्यांनी १९५४ चा औषधे आणि जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा एकदा वाचावा. ताईत, मंत्र, कवच यांनी ठरावीक आजार बरे होतात अशी जाहिरात त्यात गुन्हा आहे. राज्याचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही आहे. आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. माझ्या त्या बिल नसलेल्या चौघांची आठवण मला हे वाचताना झाली होती.

तर ते सात जण. पैसे घेऊन मी एकेकाच्या घरी गेलो. पाच जणांनी पैसे घेतले, त्यातल्या दोघांनी चांगलं सुनावलं. सहावा पुण्याला कामाला गेला होता, त्याला फोन करून पैसे पाठवले. सातव्या होत्या एक काकू, शेजारच्याच गावातल्या. बोटात तीच काच, मधासारखी चमकत होती.

मी सगळं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "काच हाय म्हणतं तू. पण बोअरले पाणी लागलं ना मंग?"

मी म्हटलं, काकू, खडा राहू द्या, पैसे तरी घ्या.

"पैसे घेतले त पाणी बी जाईन वापस."

बीबीएच्या कुठल्याही पुस्तकात याचं उत्तर नव्हतं. शेवटी त्यांच्याच बिलामागे मी लिहिलं, ‘हा खडा गोमेद नाही, काच आहे’, खाली सही केली. त्यांनी ते माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतलं, घडी घातली आणि देव्हाऱ्यामागच्या डब्यात ठेवलं.

गेल्या वर्षी त्यांचा नातू आला. काकू आता नाहीत. तो स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. त्याने अंगठी आणि ते घडीचं बिल काउंटरवर ठेवलं आणि म्हणाला, काका, याच अंगठीत खरा बसवून द्या. मी भिंग त्याच्याच हातात दिलं. मग त्याच्यासमोर खडा तोलला: १.१४, पाण्यात ०.८३. भागाकार त्यानेच मोबाइलवर केला, ३.६८. नव्या बिलावर ‘हेसोनाइट गार्नेट (गोमेद), १.१४ ग्रॅम’ लिहिलं. लॉटमधल्या उरलेल्या एकोणतीस काचा मी शिकवण्यासाठी बरणीत ठेवल्यात, व्हिडिओतली काच त्यातलीच. जुनी काच त्या बरणीत टाकायला मी हात पुढे केला, तर त्याने ती उचलून खिशात ठेवली.

"ही राहू द्या, काका. आजीची आहे."